बरणीतल्या पितराची आखाजी

टेंभुर्ड्याच्या शिवेवर जो कडुनिंब उत्तरेकडे वाकलेला आहे, तो वाऱ्याने वाकलेला नाही. गिरधरआबाच्या ढेकरेने वाकलेला आहे. शहाद्याहून येणारी एसटी जिथे थांबते तिथूनच तो दिसतो. कुणाला खोटं वाटलं तर जाऊन बघावं आणि झाडालाच विचारावं. माणसांना विचारू नये, टेंभुर्ड्याची माणसं जरा वाढवून सांगतात.

झालं असं की गिरधरआबा पौषात वारला आणि जाताना बायकोच्या, दगूबाईच्या, डोक्यावर एक मांडा ठेवून गेला.

मांडा म्हणजे खापरावरची पुरणपोळी. दोन्ही हातांवर झुलवत झुलवत कोपरापर्यंत पसरवायची आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर अलगद टाकायची. रुमालासारखी घडी होते, तोंडात टाकली की चावायचं काम उरत नाही. आबाचा त्यावर भारी जीव. पण शेवटची काही वर्षं त्याला साखरेने धरलं. डॉक्टरने गोड बंद केलं आणि ते बंद ठेवायचं काम दगूबाईवर सोपवलं. तिने ते असं केलं की पोलिसांनी शिकवणी लावावी. आबाचा चहा ती आधी हुंगायची. लग्नाच्या पंगतीत बायकांच्या ओळीत बसून तिने नुसतं मान वर करून बघितलं, की पुरुषांच्या ओळीतला वाढपी आबाच्या पानावरची जिलबी उचलून परत परातीत टाकायचा. घरातला गूळ तर तिने असा दडवला की आबाने माळा पालथा घातला, गादीची शिवण उसवली, एकदा विहिरीत टॉर्च मारून आला. गूळ सापडला नाही. दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी-जावयांच्या ताटात मांडे पडायचे आणि आबा त्यांच्याकडे बघत मेथीची भाजी खायचा. शेवटच्या दिवशी त्याने डोळे उघडून एवढंच म्हटलं, "आखाजीले मांडा."

दगूबाई हो म्हणाली. आणि दगूबाईने एकदा हो म्हटलं की तापीने दिशा बदलावी, पण तिने बदलू नये, असा तिचा लौकिक.

आता आखाजीला पितर घरी जेवायला येतात, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. नवी घागर भरायची, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवायचं, निखाऱ्यावर तुपाची आगारी टाकायची. भडका उठला की समजायचं, आपलं माणूस पोचलं. मग परक्या भावकीतला एक जण पितर म्हणून पाटावर बसवायचा. गेलेल्याचं नाव घेऊन त्याच्या हातावर पाणी सोडलं की तो जे जेवेल ते गेलेल्याच्या पोटात जातं. मात्र पहिल्या वर्षीचा पितर उपाशी राहिला तर जुन्या पितरांच्या पंगतीत त्याला जागा मिळत नाही. बिचारा वर्षभर गावाच्या शिवेवर भटकतो, सायकलींच्या चेना पाडतो आणि स्वतःच त्या बसवून देतो.

आबाची ही पहिली आखाजी होती.

दगूबाई तांबडं फुटायच्या आधीच चुलीशी बसली. चिंचपाड्याला दिलेली लेक दीपमाला आखाजीला माहेरी आलेली, ती पुरण वाटत होती. पितर म्हणून बसायला समोरच्या घरातला नवनीत ठरला होता. नवनीत म्हणजे खाण्याच्या बाबतीत जबाबदार माणूस. त्याने आदल्या दिवसापासून पाणी सोडून पोटात काही घातलं नव्हतं आणि सकाळपासून तो पाटावर मांडी घालून, डोळे मिटून, साधूसारखा बसला होता.

मांड्यांची चवड लागली. आमरस झाला, कुरडया तळून झाल्या. दगूबाईने निखारे पुढे ओढले आणि चमचाभर तूप सोडलं.

निखाऱ्यांनी तूप पिऊन टाकलं. भडका नाही. तिने आणखी सोडलं. नुसता काळपट धूर निघाला आणि रुसल्यासारखा दाराकडे गेला. दीपमालेने गोवऱ्या ओल्या असतील म्हणून बघितलं. पण वैशाखातल्या नंदुरबार जिल्ह्यात ओलं काय असणार, तिथे पाणीसुद्धा कोरडं असतं. शेजारपाजारी मात्र भडके उठले होते. प्रत्येक घराचे पितर पोचले, हात धुऊन बसले, आणि गिरधरआबाचा पत्ता नाही.

"त्यासले कोनी तरी अडाई ठेयेल शे," दगूबाई म्हणाली आणि पदर खोचून अंगणात आली.

अंगणावर सावली पडली होती. वर बघितलं तर केळीच्या बागेवर एक भलंमोठं काळं खापर पालथं लटकलेलं. ना दोरी, ना खांब. सकाळपासून ते तिथेच होतं आणि गावाने ते बघितलंही होतं. पण गेल्या हंगामापासून औषध फवारायचे ड्रोन इतके यायला लागले होते, की लोकांनी एकदा वर बघून, आता मोठा ड्रोन निघाला वाटतं, एवढं म्हणून मान खाली घातली. दोघा-तिघांनी तर एकराचा भाव काय म्हणून हातवारे करून विचारलं. उत्तर आलं नाही, तेव्हा सरकारी असेल म्हणून सोडून दिलं.

त्या खापरातून एक पाहुणा उतरला. भरताचं हिरवं वांगं देठ वर करून उभं केलं तर जसं दिसेल तसा, फक्त पुरुषभर उंचीचा आणि तीन पायांचा. डोळे किती होते ते बघणाऱ्याच्या स्वभावावर होतं. दीपमालेला दोन दिसले, नवनीतला सात. कमरेला काचेची एक बरणी लटकवलेली. पाहुण्याने सगळ्यांना नमस्कार केला आणि बातम्या सांगतात तसल्या शुद्ध मराठीत म्हणाला, "मी या ग्रहावरील दुर्मीळ वस्तूंचे संकलन करीत आहे. येथून येणाऱ्या धुराचे कारण कृपया सांगावे."

दगूबाईचं लक्ष धुराकडे नव्हतं. तिचं लक्ष बरणीकडे होतं. बरणीत धुक्यासारखं काही तरी होतं. त्या धुक्याला पांढरी टोपी होती आणि ते काडीपेटीच्या काडीने डावा कान कोरत होतं.

पन्नास वर्षं त्या कानासाठी काड्या पुरवलेली बाई. तिला दुसरी ओळख नको होती.

तिने विचारल्यावर पाहुण्याने सगळं सरळ सांगितलं. आकाशात आज सकाळपासून असल्या वस्तू झुंडीने चालल्या होत्या. झुंडींना वाट माहीत होती, त्या हाती लागल्या नाहीत. हा नमुना मात्र एकटाच शिवेवरच्या कडुनिंबापाशी, इकडे जाऊ की तिकडे, करत उभा होता. वजन नाही, उष्णता नाही, आणि तरी घाई फार. असला नमुना त्याच्या जगाच्या संग्रहालयात नव्हता. तो घेऊन तो आता निघणारच होता.

दगूबाईच्या लक्षात आलं. आबा शेजारच्या गावाला जायचा तरी तीनदा वाट विचारायचा. वरून तर तो पहिल्यांदाच येत होता.

"ती वस्तू नही शे, भाऊ," ती म्हणाली. "त्या मन्हा धनी शेतस."

पाहुण्याने दिलगिरी व्यक्त केली आणि बरणी सोडायला नकार दिला. दगूबाईने डांगर देऊ केलं, शेळी देऊ केली, केळीचा अख्खा घड देऊ केला. पाहुणा म्हणाला, या वस्तू संग्रहात आहेत. तेवढ्यात नवनीतने उठून बरणीवर मुसळ घातलं. मुसळाचे दोन तुकडे झाले, बरणीला चरासुद्धा गेला नाही. पाहुण्याने न रागावता समजावलं की ही काच बाहेरून फुटत नाही, तिला झाकणही नाही, ती त्याच्या घरी गेल्यावरच उघडते. बाहेरून फुटत नाही, हे त्याने दोनदा सांगितलं. दगूबाईने ते दोनदा ऐकलं.

आत आबा काचेला नाक लावून चुलीजवळच्या चवडीकडे बघत होता. चार महिन्यांत फार वाळला होता. मेल्यावरसुद्धा माणूस वाळतो, हे दीपमालेने तेव्हाच पहिल्यांदा बघितलं आणि तिने तोंडाला पदर लावला.

दगूबाई रडली नाही. ती विचार करत होती. विचार करताना ती खालचा ओठ आत ओढायची आणि मग घरातली मांजरसुद्धा अंगणात जायची. पाहुणा खापराकडे वळला, तसा तिने त्याला आवाज दिला.

"आज आखाजी शे, पाव्हना. जेवाबिगर कोनी जात नही."

पाहुण्याने जेवण म्हणजे काय ते विचारलं. तिने सांगितलं की हा इथला फार दुर्मीळ विधी आहे, आणि तो बसून केल्याशिवाय त्याचं संकलन होत नाही. पाहुण्याचे दोन किंवा सात डोळे चमकले. तो म्हणाला, विधी पूर्ण झाल्याची खात्री झाली की आपण निघू.

मग दगूबाईने नवनीतला पाटावरून उठवलं.

"मामी, मी कालपाईन काई खायेल नही," नवनीत म्हणाला. त्याचा आवाज ऐकून दगडाला पाझर फुटला असता, पण समोर दगूबाई होती. तिने त्याला भिंतीशी बसायला सांगितलं आणि कुरडईचा तुकडासुद्धा दिला नाही, कारण एका पितराचा स्वयंपाक दोघांत वाटत नाहीत.

पाहुणा पाटावर बसला. दोन पायांची मांडी झाली, तिसरा कुठे ठेवायचा ते त्याला कळेना, म्हणून दीपमालेने तो पाटाखाली सारून दिला. दगूबाईने त्याचे तिन्ही पाय धुतले, देठाच्या जरा खाली गंध लावलं, बरणी ताटाशेजारी नीट ठेवायला लावली आणि त्याच्या हिरव्या तळव्यावर पाणी सोडत गिरधर भागा पाटील हे नाव स्पष्ट उच्चारलं. पाहुण्याला वाटलं, हा स्वागताचा भाग. नवनीत मात्र भिंतीशी एकदम ताठ झाला. मामी काय करत्येय, ते त्याला कळलं होतं. तो उपाशीपण तेवढ्यापुरतं विसरला.

पहिला मांडा आमरसात बुडून पाहुण्याच्या तोंडात गेला. पाहुणा थांबला. तोंड उघडून आत हात घालून बघितलं.

"मला काहीही प्राप्त झालेले दिसत नाही," तो म्हणाला.

बरणीत गिरधरआबाने मिशीवरचा रस पुसला.

दगूबाईने मान खाली घालून दुसरा मांडा वाढला. मग तिसरा. पाहुणा खात होता, गिळत होता आणि त्याचं पोट होतं तसंच सपाट. चव कळेना, वजन वाढेना. विधीची खात्री झाल्याशिवाय उठायचं नाही, असा त्याच्या कामाचा नियम, आणि तोही नियमाचा पक्का. इकडे बरणीत आबाच्या गालांवर रंग आला, टोपी घट्ट झाली, सदऱ्याचं पहिलं बटण तुटून काचेवर आपटलं. टण्ण आवाज झाला. काच बाहेरून फुटत नाही ना, मग आतून बघू, हा दगूबाईचा हिशेब आता दीपमालेलाही कळला. ती पातेलं घेऊन गल्लीत पळाली.

गल्लीत प्रत्येक घरी मांडे. ज्यांचे पितर जेवून उठले होते त्यांच्या घरचं उरलेलं सगळं दगूबाईच्या अंगणात आलं. पाठोपाठ माणसंही आली, कारण मोठ्या ड्रोनचा माणूस जेवतो आहे ही बातमी मांड्यांपेक्षा वेगाने पसरली होती. बायांनी खापरं मांडली, नवी पीठं तिंबली. सांजोऱ्या आल्या, रसाच्या बादल्या आल्या. पाहुणा खातच होता. आबा बरणीच्या चारी बाजूंना टेकला, पोट पुढे काचेला, पाठ मागे काचेला. टोपी वर चेपली गेली. बरणी कुरकुरायला लागली. आता एक-दोन मांड्यांचं काम राहिलं होतं.

आणि तिथेच आबाने हात आडवा धरला.

बस, नको, असा तो हात. दगूबाईला तो हात चांगला ओळखीचा होता. कुणी गोड वाढायला आलं की आबा आधी तिच्याकडे बघायचा आणि मग असाच हात आडवा धरायचा. आत्ताही तो तिच्याकडेच बघत होता. इतका वेळ खाण्याच्या नादात भान नव्हतं. आता भान आलं, आणि भानाबरोबर बायको आठवली.

पाहुण्याच्या तोंडात मांडा होता. तो चावायचा थांबला. त्याचा हिरवा रंग हळूहळू पिवळसर, मऊसर झाला.

"आता चव लागत आहे," तो म्हणाला. "फारच उत्तम आहे. पोटातही काहीतरी प्राप्त झाले. आणखी एक घास, म्हणजे विधी पूर्ण झाला असे धरून मी निघतो."

अंगणात कुणी हललं नाही. आबा खात नाही म्हटल्यावर घास पाहुण्याच्याच पोटात राहायला लागला होता. आणखी एक घास पोटात राहिला की तो उठणार, बरणी उचलणार, आणि आबा कुठल्या तरी परक्या जगाच्या फडताळात कायमचा कान कोरत बसणार.

दगूबाई बरणीसमोर उकिडवी बसली. काचेजवळ तोंड नेऊन म्हणाली, "ओ दीपूना बाप. आते कसानी शुगर? तठे डाक्टर नही. खा."

आबाचा विश्वास बसेना. असं गोड बोलून तिने त्याला एकदा पकडलंही होतं, पेढ्याच्या बाबतीत. त्याने हात तसाच ठेवला आणि काडीने कान कोरायला घेतला, म्हणजे विषय संपला.

दगूबाई उठली. गोठ्यात गेली. तिथे सरकीचं पिंप होतं. आबा रोज सकाळी त्या पिंपात हात घालून बैलांना सरकी काढायचा, त्यामुळे तो सगळं घर शोधेल पण रोजचं पिंप शोधणार नाही, हे तिने तेव्हाच ओळखलं होतं. तिने खांद्यापर्यंत हात खुपसला आणि तळातून फडक्यात गुंडाळलेली गुळाची भेली वर काढली. अंगणात सगळ्यांसमोर आणून फडकं सोडलं.

भेलीची एक बाजू गोल होती. दुसरी बाजू नव्हतीच. तिथे दातांचे ठसे होते, एका ओळीत, मधला एक दात नसलेले. उंदीर असं कुरतडत नाहीत. हे कवळीचे ठसे होते. शहाद्याला बनवलेल्या कवळीचे, जिचा मधला दात पहिल्याच वर्षी ऊस खाताना पडला होता.

दगूबाईने भेली बघितली. मग बरणी बघितली. आबाने चेपलेली टोपी डोळ्यांवर ओढून घेतली होती.

म्हणजे गूळ सापडला होता. कधीच सापडला होता. माळा आणि गादी आणि विहीर हे सगळं नुसतं दाखवायला. आणि ती कप हुंगत बसली होती. दगूबाईच्या नाकपुड्या फुगल्या. दीपमाला दोन पावलं मागे सरली, नवनीतने भिंत धरली. एवढा वेळ खापरावरचे मांडे करपत होते, पण कुणाला ते उलटायचं सुचलं नाही.

मग तिच्या तोंडाचा कोपरा हलला. दुसरा हलला. आबा पौषात गेल्यापासून ते तोंड कुणी हललेलं बघितलं नव्हतं.

"ह्या दात तुमनाच शेतस," ती म्हणाली. "आते लपी-छपी बंद. मन्हा समोर खा."

तिने भेली फोडली, शेवटच्या मांड्यावर गुळाचा मुठीएवढा खडा ठेवला, वर तुपाची धार धरली, आणि घडी करून पाहुण्याच्या तोंडात स्वतःच्या हाताने कोंबली. बरणीत आबाने टोपी वर केली. हात खाली घेतला. पाहुण्याच्या तोंडातली चव गेली आणि तो पुन्हा हिरवा झाला.

गिरधरआबाने आयुष्यात पहिल्यांदा बायकोच्या डोळ्यांत बघत गूळ खाल्ला.

बरणीला एक तडा गेला, मग दुसरा, मग तिचं पीठ झालं. चुलीत आगारीने असा भडका घेतला की छपरावरचे पापड आपोआप भाजले. आबा धुक्याचा मोठा, गोल, समाधानी गोळा होऊन अंगणाबाहेर पडला, एकदा चुकून नवनीतच्या घराकडे गेला, दगूबाईने हाताने दिशा दाखवल्यावर वळला, आणि शिवेवर पोचून त्याने ढेकर दिली. केळीची पानं उभी फाटली. कडुनिंब वाकला तो वाकलाच. वर आकाशात जुन्या पितरांची रांग निघाली होती, तिच्यात शेवटी जरा जागा झाली आणि तिथे एक टोपी दिसली. मग ऊन डोळ्यांत गेलं.

पाहुणा पाटावर बसून होता. बरणी गेली होती, पोट तेवढंच सपाट होतं. त्याच्या आवाजातली बातम्यांची मराठी जरा खरखरली. त्याने विचारलं की आता काय करायचं असतं.

दगूबाईने त्याला सांगितलं की मघाशी तो पितर म्हणून बसला होता, आता पाहुणा म्हणून बसावं. गोड सगळं संपलं होतं. भाकऱ्या होत्या आणि वाटीभर मिरचीचा ठेचा होता. नवनीत आणि तो एकाच ताटात बसले, कारण दोघांनाही दुसरं ताट येईपर्यंत दम नव्हता. पहिल्या घासाला पाहुणा हिरव्याचा लाल झाला, नंतर आणखी एका रंगाचा, ज्याला टेंभुर्ड्यात नाव नाही. पण तो उठला नाही. हे पोटात राहतं, असं तो वारंवार म्हणत होता आणि डोळे पुसत होता. किती डोळे पुसले ते नवनीतने मोजलं. सातच निघाले.

उन्हं कलली तसं ते काळं खापर केळीवरून सरकलं. लोक पांगले. दीपमालेने अंगण झाडलं, काचेचं पीठ उकिरड्यावर टाकलं.

दगूबाई उरलेली अर्धी भेली घेऊन गोठ्यात गेली. तिने ती पिंपात ठेवली, पण तळाशी नाही. सरकीच्या वर, उघडी, दाराकडून आल्या आल्या दिसेल अशी. मग जरा विचार करून तिने काडीपेटीतली एक काडी काढली आणि भेलीशेजारी ठेवली.